गुडघ्याच्या वर चार बोटं

मुळशी तालुक्यातल्या अर्ध्या लोकांचे फोटो मी काढले असतील. त्यातला एकही कुणी चौकटीत घालून भिंतीवर लावलेला नाही. अपवाद एकच आहे, पण तो मीच लावला आहे आणि त्याची गोष्ट पुढे येते.

मी एक्स-रे टेक्निशियन. आमच्याकडे 'एक्स-रे' हा शब्द फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीत असतो. बोलताना सगळे फोटोच म्हणतात आणि मला फोटोवाल्या बाई. पहिल्याच वर्षी रिहे गावचे एक आजोबा छातीचा फोटो काढायला कडक इस्त्रीचा सदरा घालून आणि फेटा बांधून आले. सदरा काढा म्हटल्यावर त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "मग फेटा तरी ऱ्हाऊ द्या." राहू दिला. छातीच्या फोटोत फेटा येत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

आमचं सेंटर पिरंगुटच्या पुढे, रस्त्याला लागून, पहिल्या मजल्यावर आहे. मोडक्या पायाच्या लोकांसाठी जिना चढायची जागा कुणी निवडली हे मला विचारू नका. एक फायदा मात्र झाला. सतरा पायऱ्यांवर पाय कसे वाजतात ते ऐकून आत बसूनच मला अर्धं कळतं. सेंटरचं नाव इथे लिहीत नाही. ते एकदा नको तिथे छापलं गेलं आहे, पुन्हा धोका नको.

काम तसं सोपं आहे. माणूस टेबलावर, त्याच्याखाली एक सपाट पाटी, वर नळी. मी काचेमागे जाऊन बटण दाबते. किरण मांसातून निसटतात, हाडात अडतात. अडले तिथे पांढरं, निसटले तिथे काळं. उरलेलं सगळं शिक्षण या दोन रंगांच्या मधल्या राखाडीचं.

अवघड असतात ती माणसं. बायकांच्या छातीच्या फोटोला मंगळसूत्र आडवं येतं, आणि ते काढायला कुणी तयार होत नाही. दोन वर्षं मी विज्ञान समजावलं. मग एके दिवशी कंटाळून म्हटलं, "दातात धरा." मंगळसूत्र दातात गेलं की छाती मोकळी होते, सौभाग्य अंगावर राहतं, आणि फोटो होईपर्यंत बोलणं बंद. हा माझा स्वतःचा शोध आहे. अजून कुणी सत्कार केलेला नाही. हिंजवडीचे आयटीवाले वेगळे. ते रविवारी कासारसाईच्या धरणाकडे सायकली हाणतात, पडतात आणि इंटरनेटवरून निदान करूनच येतात. एकाने मला घोट्याचा फोटो काढण्याआधी चार आजार सांगितले. त्यातला एक बाळंतिणींना होणारा होता.

कॉलेजात मी एकांकिका करायचे. नटी म्हणून नाव झालं नाही, पण आवाज उरला. तो मी इथे वापरते. टेबलावरच्या प्रत्येकाला, हाड कुठलंही असो, माझा एकच संवाद असतो: "श्वास घ्या. धरा. धरा. अजून धरा..." मग बटण. मग "सोडा! वा पैलवान!" गुडघ्याच्या फोटोला श्वास धरायची काही गरज नसते. पण श्वास धरलेला माणूस हलत नाही. ऐंशी वर्षांच्या म्हातारीलाही मी पैलवानच म्हणते. तिला आवडतं.

संवादानंतर चेहरा. फोटो पडद्यावर उमटला की पेशंट त्याच्याकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो. आणि काय दिसलं ते सांगायचा अधिकार मला नाही, तो डॉक्टरांचा. म्हणून मी एक चेहरा कमावला आहे. हाड मोडलेलं असो की शाबूत, चेहरा तोच. वर एक वाक्य: "डॉक्टर सांगतील." वीस वर्षांत हा चेहरा एकदाच ढळला.

ऋतुजा तेव्हा दहावीत होती. कोळवण खोऱ्यातली, शाळेच्या कबड्डी संघात चढाई करणारी. वडील दत्ताभाऊ. भातशेतीचा एक तुकडा त्यांनी शहरातल्या माणसाला विकला आणि आता त्याच तुकड्यावरच्या फार्महाऊसची राखण करतात. "आमच्याच जमिनीवर आमी वॉचमन," असं ते विनोद म्हणून सांगतात आणि समोरचा हसला की स्वतः हसत नाहीत.

ती पहिल्यांदा आली तेव्हा जिना चढून आली. एक पाय जोरात, दुसरा हलका.

"कुठे दुखतंय?" मी विचारलं.

"गुडघ्यात," ती म्हणाली आणि हात ठेवला गुडघ्याच्या चार बोटं वर.

तो हात मी पाहिला. पण चिठ्ठीत गुडघा लिहिला होता. मी गुडघ्याचा फोटो काढला.

"खेळताना पडली," दत्ताभाऊ म्हणाले. "पाच पोरींनी धरली हुती."

"सहा," ऋतुजा म्हणाली. "आन् तरी रेषा शिवली."

"शिवली, आन् आता लंगडती."

"पॉइंट मिळालं ना पण?"

श्वास घ्या, धरा, सोडा, वा पैलवान. हाड कुठे मोडलेलं नव्हतं. मी फिल्म छापली.

आता त्या फिल्मबद्दल सांगायला हवं. त्या सुमाराला पुढच्याच चौकात दुसरं सेंटर उघडलं होतं, आणि मला स्पर्धेची खुमखुमी आली होती. आमच्या सेंटरचे मालक डॉक्टर पुण्यात बसतात आणि मी पाठवलेला फोटो मोबाइलवर पाहून मत सांगतात. जाहिरातीसारख्या गोष्टी त्यांनी माझ्यावर सोडलेल्या. मी फिल्मच्या माथ्यावर एक रुंद पांढरी पट्टी बसवली. तीत सेंटरचं नाव, लांबून वाचता येईल अशा अक्षरात. त्याखाली मी स्वतः रचलेली ओळ: 'स्पष्ट फोटो, अचूक निदान.' पट्टीखाली फोटोची वरची कड झाकली जायची. पण वरच्या कडेला कोण बघतं? ज्याचा फोटो असतो ते बरोबर मध्यात येतं.

छापलेली फिल्म मी मोबाइलने टिपून डॉक्टरांना पाठवली. तो पट्टीवाला फोटो पाहून त्यांनी कळवलं, "फ्रॅक्चर नाही." खरंच नव्हतं. दत्ताभाऊंनी फिल्म पाकिटात घातली आणि लेकीला हाडवैद्याकडे नेलं. आमच्याकडे फोटोत काही निघालं नाही की तिकडे जातात. फोटो हाडाचा, हाडवैद्य शिरांचा, अशी वाटणी आहे.

सहा आठवड्यांनी जिन्यावर आधी एकाच माणसाचे पाय वाजले, पण दोघांच्या वजनाचे. दत्ताभाऊंनी लेकीला पाठीवर घेतलं होतं. मागून शंकरनाना. नाना हाडवैद्य, वय सत्तरीपुढे, हाताचे पंजे खोऱ्यासारखे. आमचं त्यांच्याशी जुनं वैर. ते माझ्या फोटोंना 'काळी चित्रं' म्हणायचे आणि मी त्यांच्या लेपाला चिखल. ते स्वतः जिना चढून आले म्हटल्यावर मला आधी विजयाचा आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"बाई," नाना दारातच म्हणाले, "ह्या पायाला म्या तीनदा चोळलं. चवथ्यांदा हात लावला आन् थांबलो."

"का?"

"मुरगळा असू दे, मुका मार असू दे, चोळलं की दुखणं हलतं. हे हललं न्हाई. उलट गरम लागाय लागलं. मोडल्यालं वळखतो, सरकल्यालं वळखतो. हे माझ्या वळखीचं न्हाई."

ज्या व्यवसायात प्रत्येकाला सगळंच ओळखता येतं, त्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

गुडघ्याच्या वर, बरोबर तिने हात ठेवला होता तिथे, मांडी एका बाजूने फुगली होती. कातडी ताणून चकाकत होती.

"खेळणं बंद आहे ना? मग बसल्याबसल्याही दुखतं?" मी तिला विचारलं.

"बसल्यावर तर दुखतंच. झोपेतनं बी जाग येती."

"वाढत्या वयात दुखतंय म्हणत हुती समदी," दत्ताभाऊ म्हणाले. "सकाळी शहरात सर्जनला दावलं. त्ये म्हणलं, आत पू झाला आसंल. उद्या नऊला उघडून साफ करतो, तवर फोटो काढून आणा. द्या काढून पटकन."

मी या वेळी अख्ख्या मांडीचा फोटो काढला.

पडद्यावर हाड उमटलं आणि मी बघत राहिले. निरोगी हाडाची कड रेघेसारखी असते. इथे ती मधेच संपत होती आणि बाहेरच्या बाजूला करवंदीच्या जाळीसारखे पांढरे काटे उभे होते, हाडातून मांसात घुसलेले. वर, जिथे चांगलं हाड सुरू होत होतं, तिथे हाडावरची साल उचकटली होती. वाऱ्याने छपराचा पत्रा कोपऱ्यात उचलावा तशी. पुस्तकात असा फोटो असतो. परीक्षेत विचारतात. प्रत्यक्षात टेक्निशियनच्या जन्मात एखादाच येतो, कारण हाडातच सुरू होणारा कॅन्सर फार कमी जणांना होतो. आणि होतो तो बहुतेक वेळा उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात, गुडघ्याच्या आसपास. पडल्यामुळे तो होत नाही. पडल्यामुळे त्या जागेकडे लक्ष जातं, आणि मग सगळे पडण्यालाच दोष देत बसतात.

"बाई," टेबलावरून आवाज आला, "आज डायलॉग न्हाई मारला तुमी."

मी "सोडा" म्हणालेच नव्हते. ती श्वास धरून होती आणि शेवटी कंटाळून तिने स्वतःच सोडला होता.

"विसरले," मी म्हणाले.

"तुमी?" ती कोपरावर उठून माझ्या तोंडाकडे बघू लागली. चेहरा जागेवर होता की नाही, मला माहीत नाही. तिने पुढे काही विचारलं नाही, यावरून नसावा.

मी डॉक्टरांना थेट पडद्यावरचाच फोटो पाठवून फोन केला. त्यांनी तो उघडून पाहिला. मग म्हणाले, "याला कुणाला चाकू लावू देऊ नकोस. सुईसुद्धा नाही. आधी एमआरआय, आणि मग तपासायला गाठीचा तुकडा घेईल तो पुढे मोठं ऑपरेशन करणाराच सर्जन. सुई जिथून जाईल ती वाटही नंतर काढून टाकावी लागते. भलतीकडून कुणी उघडलं तर वाचणारा पाय जाईल. त्या सर्जनशी मी बोलतो. आणि हो, जुना फोटो होता ना? तुलनेला पाठव."

जुना फोटो संगणकात होता. संगणकात पट्टी नसते. ती छापताना बसते. मी तो उघडला आणि पहिल्यांदाच गुडघा सोडून वर बघितलं.

होतं. अगदी वरच्या कडेला. आजच्याइतकं नाही, पण कडेची रेघ विरलेली आणि शेजारी राखाडी धूर. सहा आठवड्यांपूर्वी हाच पडदा, हीच खुर्ची. मी गुडघा बघत होते. आणि डॉक्टरांना जे पाठवलं त्यात त्या जागेवर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: अचूक निदान.

मी फोटो पाठवला. पट्टीशिवाय. डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. "तेव्हा मला पट्टीवाला आला होता," ते म्हणाले. मी हो म्हणाले. "कड कापलेली आहे हे मीही विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "आधी हे निस्तरू."

लेकीला बाहेर बाकावर बसवून दत्ताभाऊ घाईला आले होते. "द्या की फोटो. सकाळी नऊला तितं पोचायचंय."

डॉक्टरांचा त्या सर्जनशी अजून संपर्क झाला नव्हता. फिल्म हातात पडली की हे लोक जिना उतरणार. पाय वाचायचा असेल तर त्यांना इथेच थांबवायला हवं होतं, आणि सांगायचा अधिकार तर मला नाही. तेव्हा मी एक नाट्यमय उसासा टाकून म्हणाले, "दत्ताभाऊ, प्रिंटर बंद पडलाय."

त्याच क्षणी मागे प्रिंटर घुरघुरला आणि त्याने दुसऱ्याच कुणाच्या तरी खांद्याची फिल्म बाहेर टाकली.

दत्ताभाऊंनी फिल्मकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"चालू हाय की."

"खांद्यापुरता चालू आहे," मी म्हणाले.

हे वाक्य मी का बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. रंगमंचावर असं झालं असतं तर प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं असतं. इथे तिघे जण नुसते बघत होते. शेवटी नाना म्हणाले, "दत्ता, बस खाली. बाईंला धड खोटं बी बोलता येईना. म्हंजे बोलण्याजोगं कायतरी हाय."

मी तिघांना आत घेतलं, दार लावलं, डॉक्टरांना फोन लावून आवाज मोठा केला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गाठ आहे, कसली ते तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही, पण कॅन्सर धरूनच पुढची पावलं टाकायची. पू समजून उघडायचं नाही.

दत्ताभाऊ बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "पण गाठच हाय ना? उद्या कापून काढत्यात. काढली की मिटलं. उगा दहा ठिकाणी कशापायी फिरवायची पोरीला?"

डॉक्टर बरंच काही शास्त्रीय बोलले. दत्ताभाऊ मान हलवत होते, म्हणजे त्यांना काही कळत नव्हतं. मी मधे पडले.

"दत्ताभाऊ, भातातलं तण बी धरल्यावर कसं उपटता?"

"सपासप न्हाई उपटत. बी सांडतं. समदं वावर नासतं."

"तेच."

ते थांबले. नानांनी त्यांच्या खांद्यावर आपला तो खोऱ्यासारखा पंजा ठेवला आणि म्हणाले, "म्या तीनदा चोळलंय रं. माझ्यावर राग काढ. पण उद्या नगं."

"मला बी विचारा की कुनीतरी," ऋतुजा म्हणाली. इतका वेळ ती आमच्या डोक्यांवरून छताकडे बघत होती. "पाय ऱ्हाईल का?"

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर सांगतील."

"ते तर तुमी समद्यांलाच सांगता."

त्या संध्याकाळी डॉक्टरांचा सर्जनशी फोन झाला. तो माणूस सरळ निघाला, फोटो पाहून त्याने स्वतःच सकाळचं ऑपरेशन रद्द केलं आणि कुठे पाठवायचं ते सांगितलं. माझा प्रिंटर तेवढ्यापुरताच बंद पडायला हवा होता.

पुढचं मी नानांच्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं. एमआरआय झालं. सुईने तुकडा काढला आणि तपासणीत हाडाचाच कॅन्सर निघाला. हा आजार फुप्फुसात जातो म्हणून छातीचं स्कॅन केलं. तिथे काही नव्हतं. मग उपचार ठरले. आधी सलाइनमधून औषधं, दोन-अडीच महिने, गाठ आवरायला आणि रक्तात निसटलेल्या पेशींना गाठायला. मग ऑपरेशन. मग पुन्हा औषधं. सगळं मिळून वर्षाच्या आसपास. पूर्वी सरळ पाय काढत. आता बऱ्याच जणांचा वाचवता येतो, सगळ्यांचा नाही. गाठीसकट मांडीच्या हाडाचा खालचा भाग आणि गुडघा काढायचा, त्या जागी धातूचं हाड आणि धातूचा सांधा बसवायचा. ऋतुजाचा पाय कुठल्या बाजूला जाईल ते पहिली औषधं झाल्यावर कळणार होतं.

औषधं सुरू होण्याआधी दत्ताभाऊ एकटेच जिना चढून आले. हातात ते जुनं पाकीट.

"तितल्या मॅडम म्हणल्या, पयला फोटो नीट द्या. ह्यात वरची कड न्हाई दिसत म्हणल्या."

'तितल्या मॅडम' म्हणजे कॅन्सरच्या सर्जन. गाठ किती वेगाने वाढली ते त्यांना बघायचं होतं. मी पट्टीशिवायची फिल्म छापली. ती पाकिटात घालून निरोप देता आला असता. दत्ताभाऊंना राखाडीतलं काही वाचता येत नव्हतं.

मी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या आणि बोट ठेवलं. "हे तेव्हाच होतं. माझ्या पट्टीखाली गेलं. मी बघितलं नाही."

ते जवळ आले. एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं.

"म्हंजे तवाच दिसत हुतं?"

"हो."

"पट्टीवर काय लिवलंय?"

त्यांना वाचता येतं. तरी मी वाचून दाखवलं. आधी नाव, मग ओळ. माझा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो असं म्हणतात. त्या दिवशी तो पेटीपर्यंत कसाबसा पोचला.

"लई मोठ्या अक्षरात हाय," ते म्हणाले.

ते ओरडतील अशी माझी तयारी होती. रडायचीही तयारी ठेवली होती, ती वाया गेली. त्यांनी नवी फिल्म पाकिटात घातली, जुनी पेटीवरच राहू दिली. "ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि गेले. मी जिन्यावरच्या सतरा पायऱ्या मोजल्या. ते कुठे थांबले नाहीत.

पट्टी मी त्याच दिवशी काढली. सेंटरचं नाव आता फक्त पाकिटावर असतं, लहान अक्षरात, ओळ नाही. जुनी फिल्म काचेमागे, बटणाच्या बरोबर वर, डोळ्यांच्या उंचीला चिकटवली. हाच तो भिंतीवरचा एकमेव फोटो.

सहा आठवडे आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लवकर कळलं तर चांगलंच. किती चांगलं झालं असतं ते मला सांगता येणार नाही. बरं वाटावं म्हणून काही सांगू का?" मी नको म्हणाले.

बातमी आणायचे नाना. आमचं वैर संपलं होतं. दोन चुकलेल्यांनी आपापसात भांडण्यात मजा राहत नाही. ऋतुजाचे केस गेले. तोंड आलं. मग एकदा नाना आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "पाय ठेवला." आम्ही दोघांनी दोन दोन कप चहा प्यायला. नाना आता चोळण्याआधी पोरांना दोन प्रश्न विचारतात: बसल्याबसल्या दुखतं का, झोपेतून उठवतं का. दोन्हीला हो आलं, किंवा सूज दोन-तीन आठवड्यांत उतरली नाही, तर ते हात लावत नाहीत. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून पेशंटच्या मनगटाला पांढरी चिंधी बांधून दोन गाठी मारतात आणि इकडे धाडतात. चिंधीवाला आला की मी चिठ्ठीत लिहिलेल्या सांध्याबरोबर वरचं आणि खालचं हाडही घेता येईल का ते आधी डॉक्टरांना फोन करून विचारते. आतापर्यंत आलेल्या चिंध्यांत तसलं काही निघालेलं नाही. नानांना याचा जरा राग येतो. मला येत नाही.

आणि मग यंदा पावसाळा सरल्यावर एका दुपारी जिना वाजला. काठी, पाय, पाय. काठी, पाय, पाय. मधे दम खायला थांबणं, आणि मागून दत्ताभाऊंचा आवाज, "घेऊ का पाठीवर?" आणि "गप बसा ओ पप्पा" असं उत्तर.

केस बोटभर वाढले होते. अंग निम्मं झालं होतं. डोळे तेच, सहा जणींना ओढत रेषा शिवणारे. कबड्डी संपली, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आता पंच होणार," ती म्हणाली. "समद्या आऊट."

तिला दर काही महिन्यांनी तपासणी असते. या खेपेला सर्जनबाईंनी छातीचा साधा फोटो मागवला होता, आणि पुण्याला जाण्याऐवजी इथे काढायचं तिनेच ठरवलं होतं. का, ते मी विचारलं नाही.

आत आल्यावर तिची नजर काचेमागे गेली. काठी टेकत जवळ जाऊन तिने ती फिल्म नीट वाचली.

"हा माझाच ना?"

"तुझाच."

"फोटो माझा आन् नाव तुमचंच मोठं."

दत्ताभाऊ दारात उभे होते. ते हसले. पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं, आणि या वेळी मी हसले नाही.

त्यांना बाहेर बाकावर बसवलं. ऋतुजाला पाटीसमोर उभं केलं, हनुवटी वर, खांदे पुढे. काठी कोपऱ्यात. नव्या गुडघ्यावर ती जरा डुलली आणि स्थिर झाली.

"श्वास घे," मी काचेमागून म्हणाले. "धर. धर. अजून धर..."

बटण दाबलं. पडद्यावर दोन फुप्फुसं उमटली. आजार परत येतो तेव्हा तो इथे, काळ्यात पांढऱ्या ठिपक्यांनी येतो. मी मध्यातून सुरुवात केली नाही. वरचा डावा कोपरा. वरचा उजवा. बरगड्यांच्या आड. हृदयाच्या मागे, जिथे लपायला जागा असते. खालच्या दोन्ही कडा. मग पुन्हा वरची कड, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. निदान डॉक्टरांचं, ते संध्याकाळी येणार होतं आणि आलंही. पण तो संवाद मी एकदाच विसरले होते, आणि तेव्हापासून त्या घरात त्याला रिपोर्टचं वजन आहे, हे मला माहीत होतं. उगाच म्हणून तो म्हणता येणार नव्हता.

काचेपलीकडे ती अजून श्वास धरून उभी होती. गाल फुगलेले, मान सरळ. या खेपेला ती माझ्याशिवाय सोडणार नव्हती.

मी शेवटची कड तपासली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "सोड! वा पैलवान!"

आधी बाहेरच्या बाकावरून श्वास सुटल्याचा आवाज आला. मग तिचा.